डास जिथून येतात, वासही तिथूनच येतो: व्हेंट पाइप, जाळी आणि इतर घरगुती खटपटी

ओसरीवरची

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं मी घरामागच्या एका पाइपाशी झटते आहे. आता त्यातून काही हाती लागलं आहे, म्हणून धागा काढते. तुम्ही स्वतःच्या हाताने जे काही बनवलं असेल तेही इथे लिहा. फसलेलंही चालेल.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. मागे माड, त्यापलीकडे ओढा, आणि घर व माड यांच्यामध्ये सेप्टिक टँक. संध्याकाळी दिवेलागणीला मागच्या दारातून डासांचा लोंढा यायचा, आणि त्याच सुमारास घाण वास. सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे कॉइल लावणं बंदच. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजलं होतं. ते वाचल्यापासून घरात कॉइल आणलेली नाही. वासासाठी सुगंधी फवारे आणले, तर त्याने खोकला वाढला.

मग एके दिवशी ठरवलं की काही विकत आणण्याआधी नुसतं बघायचं. सहा वाजता मागच्या पायरीवर बसले. उजेड कमी झाला आणि आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसलं की सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपच्या (टाकीतला वायू बाहेर सोडणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडातून धूर निघावा तसे डास निघताहेत. मी आजवर ओढ्याला दोष देत होते! घर बांधताना पाइप कमी पडला म्हणून गवंड्याने तो खिडकीच्या चौकटीच्या उंचीवरच संपवला होता, आणि तोंड उघडं. म्हणजे डास आणि वास दोन्ही एकाच भोकातून, थेट खिडकीत.

पहिला प्रयोग: जुन्या मच्छरदाणीची पिशवी शिवून पाइपच्या तोंडाला सुतळीने बांधली. सकाळी पिशवीत डासांचा काळा थर होता. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर 'व्हेंट पाइपला जाळी बांधा' हे कितीदा वाचलं होतं, पण त्याचा अर्थ त्या सकाळी कळला. पिशवी मात्र उन्हाने वर्षभरात विरली.

दुसरा प्रयोग: हार्डवेअरच्या दुकानातली बारीक लोखंडी जाळी. टाकीतल्या वायूने आणि पावसाने ती एका पावसाळ्यात गंजून हातात तुकडे आले.

तिसरा, जो आज चालू आहे: स्टेनलेस स्टीलची १६ मेशची जाळी. एका इंचात सोळा भोकं, म्हणजे प्रत्येक भोक सव्वा मिलिमीटरच्या आसपास. ती तोंडावर सपाट ताणली नाही, वाडग्यासारखी फुगीर केली आणि स्टीलच्या पट्ट्याने आवळली. सपाट जाळीने हवेची वाट अडते. फुगीर केली की क्षेत्रफळ वाढतं आणि वायू मोकळा बाहेर जातो. त्याआधी पाइप वाढवून छपराच्या वर नेला. मध्ये एकही एल्बो (वळणाचा जोड) घातला नाही, सरळ उभा. टाकीच्या झाकणाभोवतीच्या फटी सिमेंटने बुजवल्या. हे झाकण उघडायचं नव्हतं म्हणून गवंड्याला बाहेरूनच काम करायला लावलं.

यातून वाचनाचा नाद लागला आणि एक फार सुंदर गोष्ट सापडली. झिम्बाब्वेत (तेव्हाचं ऱ्होडेशिया) ब्लेअर संशोधन प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन नावाच्या संशोधकाने १९७०च्या दशकात खड्ड्याचा एक संडास तयार केला. तिथे पाणी कमी, त्यामुळे फ्लश नाही, खड्डा उघडाच. माश्या आणि दुर्गंधी या दोन्हींवर त्याने एकच उपाय केला: खड्ड्यातून छपराच्या वर जाणारा रुंद पाइप, वर जाळी, आणि संडासाची खोली अंधारी. पाइपच्या तोंडावरून वारा वाहिला की आतली हवा वर ओढली जाते, त्यामुळे खोलीतली हवा भोकातून खाली जाते आणि वास खोलीत येतच नाही. आता माशीची बाजू बघा. बाहेरची माशी वासाच्या मागे पाइपच्या तोंडाशी येते आणि जाळीवर अडते. खड्ड्यात जन्मलेली माशी उजेडाकडे जाते. खोली अंधारी असल्याने उजेड दिसतो तो फक्त पाइपच्या वरच्या टोकाला. ती वर चढते, जाळीशी अडकते आणि तिथेच मरते. त्यांनी पाइप असलेला आणि नसलेला अशा दोन खड्ड्यांच्या माश्या ७८ दिवस मोजल्या. बिनपाइपच्या खड्ड्यातून १३,९५३ माश्या, पाइपच्या खड्ड्यातून १४६. ना औषध, ना वीज, ना अत्तर. मॉर्गन यांना २०१३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. मला हा पाइपचा संडास मोठ्यात मोठ्या यंत्राच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

आता प्रश्न. संध्याकाळचे डास खूप कमी झालेत, वास गेला. पण दुपारी चावणारे, पायांवर पांढरे पट्टे असलेले डास आहेत तसेच आहेत. ते कुठून?

---

देवगडकर

ताई, जाळी फुगीर करण्याची कल्पना आवडली, आमच्याकडे उद्याच करतो.

आमच्या बागेतलं एक सांगतो. आंब्यावरची फळमाशी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला 'रक्षक' सापळा आम्ही लावतो. प्लास्टिकचं भांडं, आत मिथिल युजेनॉलमध्ये भिजवलेला लाकडी ठोकळा. त्या वासाला नर माश्या येतात आणि आत मरतात. नरच उरले नाहीत तर मिलन नाही, मिलन नाही तर फळात अळी नाही. लक्षात घ्या, फळाला डंख मारते ती मादी. ती या सापळ्यात येतच नाही. म्हणून एकट्याने दोन झाडांना बांधून भागत नाही, आजूबाजूच्या सगळ्या बागांनी लावले तर उपयोग. माझे वडील तुळशीजवळ फळमाश्या घोंघावताना दाखवायचे. तुळशीतही तोच घटक असतो हे मला नंतर कळलं.

---

आठवा_मजला

मी ठाण्यात, आठव्या मजल्यावर. सेप्टिक टँकचा प्रश्न नाही, पण त्रास तोच. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये गटाराचा वास येतो आणि रात्री मोठी लाल झुरळं निघतात. जेलचे डबे, कापूर, सुगंधी गोळ्या सगळं केलं. झुरळांसाठी प्लगमध्ये लावायचं, 'न ऐकू येणाऱ्या आवाजाने कीटक पळवणारं' यंत्र घेतलं. दोन महिने झाले, झुरळ त्या यंत्रावरून चालत गेलेलं मी स्वतः पाहिलं. एक्झॉस्ट फॅन लावला तर वास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, हे तर मला अजिबात कळत नाही. कोणी सांगेल का?

---

नळजोडणीवाला

आठवा मजला ताई, कल्याण-डोंबिवलीकडे २६ वर्षं प्लंबिंग करतोय. तुमच्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे.

बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली जो वाटीसारखा भाग असतो त्याला आम्ही नहाणी ट्रॅप म्हणतो. त्यात दोन इंचांच्या आसपास पाणी कायम साठून राहतं. ते पाणी म्हणजेच दार. खाली गटाराची हवा, वर तुमचं घर, मध्ये पाण्याचा पडदा. वाकड्या पाइपात पाणी अडवून वास रोखायची युक्ती जुनी आहे. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ साली संडासाखालच्या 'एस' आकाराच्या वळणाचं पेटंट घेतलं. अडीचशे वर्षांत याहून चांगलं काही निघालेलं नाही.

पाहुण्यांचं बाथरूम म्हणजे रोज वापरात नाही. पाणी टाकलं जात नाही, ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, दार उघडं पडतं. मग वासही वर आणि झुरळंही वर. ती मोठी लाल झुरळं गटारातलीच. स्वयंपाकघरात ओट्याच्या फटीत सापडणारी छोटी, फिकट तपकिरी झुरळं वेगळी. ती घरातच राहतात आणि तिथेच वाढतात, त्यांचा उपाय वेगळा.

आता एक्झॉस्ट. दार-खिडकी बंद ठेवून पंखा लावला की तो खोलीतली हवा बाहेर फेकतो. बाहेर गेलेल्या हवेच्या जागी दुसरी हवा कुठून तरी येणारच. वाट मिळाली नाही तर ती कोरड्या ट्रॅपमधून येते. म्हणजे तुमचा पंखा गटाराची हवा ओढून घरात आणतोय. खात्री करायची तर टिश्यू कागदाची बारीक पट्टी जाळीवर धरा आणि पंखा लावा. पट्टी वर उडाली तर ट्रॅप कोरडा आहे.

हे करा:
आधी दोन तांबे पाणी ओता. बाथरूम महिनाभर बंद राहणार असेल तर पाणी भरल्यावर वरून चमचाभर गोडंतेल सोडा. तेलाच्या थराने पाणी लवकर उडत नाही. पंखा लावताना दाराखाली हवेला फट ठेवा. आणि बेसिनचा किंवा वॉशिंग मशीनचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असेल तर त्याच्याभोवतीची फट बघा. दहातल्या सहा घरांत वास तिथूनच येत असतो असा माझा अनुभव. रबरी बूच किंवा कॉलर मिळतो, पन्नास-साठ रुपयांचं काम.

पाणी भरूनही दोन दिवसांत परत वास आला तर मात्र प्रकरण वेगळं. वरच्या मजल्यावर फ्लश झाल्यावर तुमच्या जाळीतून डबडब आवाज येतो का ते ऐका. येत असेल तर मुख्य पाइपला हवा कमी पडते आणि तुमच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. मग गच्चीवरच्या व्हेंटचं तोंड बघायला हवं. कबुतराची घरटी, कधी गच्चीवर काम करणाऱ्याने खुपसलेली गोणी असं काहीही निघतं.

---

महाडचा_मास्तर

नळजोडणीवाले, तुमची पोस्ट मी आठवीच्या वर्गात वाचून दाखवणार आहे. हवेचा दाब शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

ताईंच्या प्लगच्या यंत्राबद्दल. आवाजाने डास पळतात का, यावरच्या १० क्षेत्रीय प्रयोगांचा आढावा २००७ साली कॉक्रेन संस्थेने घेतला. डास चावणं त्याने कमी होत नाही असाच निष्कर्ष निघाला. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना, पुराव्याशिवाय दावे करू नका, अशी ताकीद दिली होती. तुमची चूक नाही ताई, जाहिरातच तशी असते.

निळ्या दिव्याची, चटचट आवाज करणारी यंत्रंही तशीच. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात घरांच्या अंगणांत लावलेल्या अशा यंत्रांत मेलेले १३,७८९ कीटक मोजले. त्यात रक्त पिणारे फक्त ३१. उरलेले बिचारे पतंग, भुंगे आणि इतर निरुपद्रवी, काही तर डासांना आणि अळ्यांना खाणारे. डास माणसाकडे येतो तो उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने, अंगाच्या वासाने आणि उबेने. दिव्याचं त्याला फारसं काही नाही.

यावरूनच आमच्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी एक सापळा केला. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, खाली मोज्यासारखी जाळीची पिशवी, पंख्याची हवा पिशवीत जाईल अशी दिशा. पंख्याजवळ आलेला डास आत ओढला जातो, पिशवीत अडकतो आणि वाळून मरतो. वर्गात ठेवला तर काहीच सापडलं नाही. एका मुलाने तो घरी नेऊन रात्री गोठ्यात टांगला, सकाळी पिशवी भरलेली. मुलं त्या दिवशी शिकली ते मी पाठात शिकवू शकलो नसतो. डासाला जनावराच्या श्वासाने ओढून आणलं, पंख्याने फक्त शेवटचं काम केलं.

घरात मात्र याहून सोपं एक आहे. टेबलफॅन पायांकडून लावा. डास उडण्यात दुबळा, जोराच्या वाऱ्यात त्याला बसता येत नाही, आणि आपल्या श्वासाचा मागही वाऱ्यात विस्कटतो.

सुगंधी फवाऱ्यांबद्दल थोडं. लिंबू-संत्र्याच्या वासासाठी वापरतात ते लिमोनिन हवेतल्या ओझोनशी संयोग पावलं की फॉर्मल्डिहाइड तयार होतं. बंद खोलीत दमेकरी माणसाजवळ ते नकोच. डांबर गोळ्याही तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नका. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असते, आणि नॅफ्थलीनमुळे त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

आमच्याकडे पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येतो तो बुरशीचा, आणि बुरशी वाढते दमट हवेने. म्हणून वास झाकण्याऐवजी पाणी काढून घ्यायचं. प्लास्टिकचे दोन डबे एकात एक बसवा. वरच्याच्या तळाला भोकं पाडा, त्यावर सुती कापड, कापडावर कॅल्शियम क्लोराइडचे खडे. खडे हवेतलं पाणी ओढतात, विरघळतात आणि पाणी खालच्या डब्यात ठिबकतं. जुलैत आमच्या पुस्तकांच्या कपाटात आठवड्याला पेलाभर पाणी साठतं. ते खारं पाणी लोखंडाला आणि चामड्याला लागू देऊ नका, आणि मुलांच्या हाताशी ठेवू नका.

---

मनीप्लांट

हवा शुद्ध करायला झाडं कशी वाटतात? नासाचा अभ्यास आहे ना?

---

महाडचा_मास्तर

तो अभ्यास १९८९चा, आणि छोट्या हवाबंद पेटीत केलेला. राहत्या घराचं गणित २०१९ मध्ये ड्रेक्सेल विद्यापीठातल्या दोघांनी जुन्या प्रयोगांच्या आकड्यांवरून मांडलं. उघड्या-मिटणाऱ्या खिडक्यांनी जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं निघालं. झाडं जरूर लावा, डोळ्यांना आणि मनाला बरं वाटतं. फक्त कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नका.

---

रात्रपाळी

बशी म्हटल्याबरोबर लिहायला घेतलं. मी नागपुरात नर्स आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आमचे वॉर्ड डेंग्यूच्या रुग्णांनी भरतात, म्हणून ओसरीवरच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर नीट देते.

ताई, तुमच्या व्हेंट पाइपमधले डास क्युलेक्स. ते घाण पाण्यात वाढतात, रात्री चावतात. पांढऱ्या पट्ट्यांचा दुपारी चावणारा तो एडिस. त्याला सेप्टिक टँक नको असतो, स्वच्छ दिसणारं, साठलेलं, थोडंसं पाणी हवं असतं. फुलदाणी, फ्रीजमागचा ट्रे, करवंटी, टायर, कूलर, पक्ष्यांसाठी ठेवलेलं भांडं. मादी अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते. ती अंडी कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. परत पाणी भरलं की अळ्या. म्हणून कोरडा दिवस (आठवड्यातून एकदा पाण्याची सगळी भांडी रिकामी करण्याचा दिवस) पाळताना नुसतं पाणी ओतून देऊ नका, भांडं आतून काथ्याने घासा.

आता उपकरण. मादी अंडी घालायला काळ्या, सावलीतल्या भांड्याकडे आणि कुजलेल्या गवताच्या पाण्याकडे जाते. तेच तिच्याविरुद्ध वापरायचं. काळी बादली घ्या. अर्ध्या उंचीवर एक भोक पाडा, म्हणजे पावसाने भरून वाहणार नाही. वाळलेलं गवत आठवडाभर भिजवलेलं पाणी भरा. पाण्याच्या जरा वर बारीक जाळी बसवा, म्हणजे मादी पाण्यापर्यंत पोचणार नाही. जाळीच्या वर बादलीच्या आतल्या काठाला काळा चिकट कागद लावा. ती पाणी शोधत आत शिरते आणि कागदाला चिकटते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पोर्तो रिकोत असेच सापळे घरटी तीन, गावातल्या बहुतेक घरांत लावले आणि तिथे एडिस निम्म्याहून कमी झाले. देवगडकर दादा म्हणाले तेच इथे लागू: एका घराने लावून आळीचे डास संपत नाहीत.

आणि हे कळकळीने सांगते. जाळी न लावता नुसती गवताच्या पाण्याची बादली ठेवली आणि विसरलात, तर तुम्ही डासांचा कारखाना काढलात. दर आठवड्याला बघण्याची तयारी नसेल तर बादली ठेवूच नका. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

---

थर्मोकोल

माझी एक सूचना. सेप्टिक टँकच्या पाण्यावर थर्मोकोलच्या बारीक मण्यांचा थर सोडला तर? अळीला श्वास घ्यायला वर यावं लागतं, थरामुळे ती गुदमरते. झांझिबारमध्ये माकुंदुची गावात १९८०च्या दशकात संडासांच्या खड्ड्यांत असे मणी टाकले होते आणि क्युलेक्स फार कमी झाले. जेमतेम सेंटिमीटरभर थर, वर्षानुवर्षं टिकतो. जाळीसारखा गंजत नाही.

---

नळजोडणीवाला

कल्पना चांगली, पण ती बाहेर जाणारा पाइप नसलेल्या, कच्च्या तळाच्या खड्ड्यासाठी. आपल्या टाकीला बाहेर जाणारा पाइप असतो. त्या पाइपाच्या तोंडाशी असलेला 'टी' आकाराचा जोड तुटलेला असेल तर मणी थेट शोषखड्ड्यात किंवा नाल्यात. उपसायला गाडी आली की तिच्या पंपात. मग ते शेतात आणि ओढ्यात कायमचे. ताईंचा ओढा जवळ आहे, मी तरी टाकणार नाही.

---

थर्मोकोल

ओढ्याचा मुद्दा पटला. मी फक्त डासांचा विचार केला होता.

---

इंद्रायणीकाठ

मी देहूजवळचा. इथे डॉ. सुहास मापुसकर यांचं नाव यायलाच हवं. देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले आणि माणसांना वारंवार होणाऱ्या जुलाबांचं मूळ शोधत संडासांच्या कामाला लागले ते कायमचे. मैल्यापासून बायोगॅस करणारे संडास त्यांनी इथे उभे केले. घाण हवाबंद घुमटात गेली की माशीला तिथे पोचता येत नाही, वास बाहेर येत नाही, आणि वर चुलीला गॅस. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याही आधी कणकवलीच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी कमी खर्चाचे संडास करून दाखवले होते. ओसरीवरची ताई, गोपुरी तुमच्याच कोकणात, एकदा जाऊन या.

शिवाय ज्यांच्याकडे दोन शोषखड्ड्यांचा संडास आहे त्यांनी व्हेंट पाइप शोधत बसू नये. त्याला तो लागतच नाही. खड्ड्यातले वायू आजूबाजूच्या मातीत जिरतात. संडासाच्या भांड्याखालचा पाण्याचा पडदा, अवघा दोन सेंटिमीटरचा, पण तो वास आणि माश्या दोन्ही अडवतो. आमच्याकडे काही घरांनी हौसेने पाइप लावला, जाळी लावली नाही, आणि नसलेला प्रश्न तयार केला.

---

ओसरीवरची

सगळ्यांचे मनापासून आभार.

रात्रपाळी ताई, तुमची पोस्ट वाचून आम्ही दोघी, मी आणि सासूबाई, घराभोवती फिरलो. त्या काठी टेकत पुढे, मी बादली घेऊन मागे. माडाखाली नऊ करवंट्या. पागोळीखालच्या तुळशीच्या जुन्या डब्यात अळ्या. सगळ्यात जास्त कुठे असतील? फ्रीजमागच्या ट्रेमध्ये! घरात, स्वयंपाकघरात, रोजच्या वावरात. ट्रे घासला. दर रविवारी घासायचा म्हणून कॅलेंडरवर खूण केली. बादलीचे दोन सापळे केलेत, शेजारच्या तीन घरांना पटवते आहे. एकीने लगेच होकार दिला, कारण तिच्या मुलाला मागच्या वर्षी डेंग्यू झाला होता.

झिम्बाब्वेच्या गोष्टीत एक भर घालायला हवी, नाहीतर कोणाची फसगत होईल. तो सापळा माशीला जसा लागू पडतो तसा क्युलेक्सला पडत नाही. क्युलेक्स उजेडामागे तेवढा जात नाही, उघडं भोक मिळालं तर तिथूनही निघतो. आमच्याकडे चाललं ते भांड्याखालच्या पाण्यामुळे. खालची वाट पाण्याने बंद, झाकण सिमेंटने बंद, उरली फक्त पाइपची. तीन वाटांपैकी एक उघडी राहिली असती तर माझ्या जाळीचा काही उपयोग नव्हता.

आणि ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी टाकीच्या झाकणापाशी किंवा पाइपच्या तोंडाशी काडी, उदबत्ती, बिडी काही पेटवू नका. आत मिथेन असतो. वाकून बघू नका, हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणूस पाडतो. टाकीत उतरू नका आणि पैसे देऊन कोणाला उतरवू तर अजिबात नका. २०१३च्या कायद्याने तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी करू नये.

---

बोरिक

उशिरा आलो. स्वयंपाकघरातल्या छोट्या झुरळांसाठी आमच्याकडे आजीपासून चालत आलेली गोळी: बोरिक पावडर, कणीक, साखर, थोडं दूध. सुपारीएवढ्या गोळ्या करून ओट्याखाली, फ्रीजमागे. मी त्यात एक बदल केला. गोळ्या उघड्या ठेवण्याऐवजी काडेपेटीच्या रिकाम्या खोक्यात ठेवतो, दोन बाजूंना झुरळ जाईल एवढी फट. धूळ बसत नाही, गोळी जास्त दिवस टिकते, आणि रांगत्या नातवाच्या हाती लागत नाही. तरी खोकं त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेरच ठेवतो. बोरिक पोटात जाणं मुलांना धोक्याचं आहे.

---

स्वयंपाकघर_पूर्व

बेसिनपाशी बसणाऱ्या त्या छोट्या, केसाळ, हृदयाच्या आकाराच्या माश्यांवर कोणी काही केलं आहे का? फळांवरच्या चिलटांसाठी व्हिनेगर आणि साबणाचा थेंब घातलेली वाटी ठेवते, ती चालते. पण या त्यात पडत नाहीत.

---

नळजोडणीवाला

त्या मोरीच्या माश्या. पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात वाढतात. रात्री मोरीच्या जाळीवर चिकटपट्टी उलटी लावा, थोडी फट ठेवून. सकाळी पट्टीला माश्या चिकटल्या असतील तर त्याच मोरीत आहेत. मग लांब दांड्याचा ब्रश घालून थर खरवडून काढा. नुसतं उकळतं पाणी ओतून थर निघत नाही, आणि पीव्हीसीचे सांधेही ढिले होतात. आठवडाभर रोज ब्रश फिरवा.

---

आठवा_मजला

कळवायला आले. काल दोन तांबे पाणी ओतलं, टिश्यूची पट्टी धरली, पंखा लावला. पट्टी हलली नाही! वास अर्ध्याहून जास्त गेला. पण पूर्ण नाही, म्हणून पट्टी घेऊन सगळ्या बाथरूमभर फिरले. वॉशिंग मशीनच्या मागे, जिथे तिचा पाइप जमिनीतल्या भोकात खुपसला आहे तिथे, पट्टी सरळ उभी राहिली. वाकून टॉर्च मारला तर पाइपच्या कडेने बोटभर फट, आणि फटीच्या तोंडाशी दोन मिशा हलताहेत. चार वर्षं मी त्या मशीनवरच सुगंधी जेलचा डबा ठेवत होते.

सध्या जुना टॉवेल पिळून फटीत कोंबला आहे. भोकाचा व्यास मोजला, अडीच इंच. मशीनचा पाइप एक इंच. नळजोडणीवाले दादा, या मापाचा रबरी कॉलर तयार मिळेल का, की मोठा आणून कापावा लागेल?

---

नळजोडणीवाला

तयार मिळतो ताई. दुकानात 'वॉशिंग मशीनचा ड्रेन कॉलर' म्हणा, भोकाचं आणि पाइपचं दोन्ही मापं सांगा. बसवताना बाहेरच्या कडेला साबणाचं पाणी लावा, सहज सरकतो. आणि टॉवेल काढताना पायात चप्पल असू द्या, दोन मिशा दिसल्या म्हणजे आत आणखी असतील.